सेंट हेलेना : वाटेवरचे बेट

सेंट हेलेना हे नाव बहुतेक वाचकांना शालेय इतिहासातून ठाऊक असते. वॉटर्लूच्या पराभवानंतर नेपोलियन बोनापार्टला जेथे ठेवण्यात आले ते हे बेट. ऑक्टोबर १८१५ मध्ये तो तेथे उतरला आणि ५ मे १८२१ रोजी तेथेच त्याचा अंत झाला. पाठ्यपुस्तक येथे पान उलटते. परंतु नेपोलियनचा मुक्काम अवघा साडेपाच वर्षांचा. त्याच्या आधी दीडशे वर्षे तेथे वस्ती होती, आणि आजही चार हजारांवर माणसे तेथे संसार करीत आहेत. ती तेथे का गेली, आणि ज्या कारणाने गेली ते कारण संपल्यावर त्यांचे काय झाले, हा प्रश्न मला सम्राटाच्या बंदिवासापेक्षा अधिक विचार करावयास लावणारा वाटतो.

दक्षिण अटलांटिक महासागरात, आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून सुमारे १९५० किलोमीटर अंतरावर हे बेट उभे आहे. ‘उभे आहे’ हा शब्द जाणूनबुजून योजला आहे, कारण सागरतळातून वर आलेल्या ज्वालामुखीचा हा माथा आहे. चहूकडे काळेकभिन्न कडे, उतरण्यास सोयीचा समुद्रकिनारा जवळजवळ नाहीच. लांबी सुमारे सोळा किलोमीटर, रुंदी आठ, क्षेत्रफळ १२२ चौरस किलोमीटर. मध्यभागी डायनाचे शिखर आठशे मीटरांहून उंच. तेथे ढग अडतात, धुके दाटते आणि नेच्यांची हिरवी गर्दी माजते. किनाऱ्याकडे यावे तो जमीन रुक्ष, करपलेली. राजधानी जेम्सटाऊन ही दोन डोंगरांच्या चिमटीत सापडलेल्या दरीत वसली आहे. गावातून वरच्या किल्ल्याकडे जाणारा ६९९ पायऱ्यांचा सरळसोट जिना १८२९ साली माल वर ओढण्याच्या उतरत्या मार्गाच्या निमित्ताने बांधला गेला. तो ‘याकोबाची शिडी’ या नावाने ओळखला जातो.

एवढ्या एकाकी खडकास महत्त्व आले ते वाऱ्यामुळे. शिडाच्या जहाजांचा मार्ग नकाशावरील सरळ रेषेने ठरत नसे, वारा ठरवी. युरोपातून हिंदुस्थानाकडे येणारी जहाजे ब्राझीलच्या बाजूने मोठा वळसा घेऊन आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे वळत. परतताना मात्र आग्नेय व्यापारी वारे त्यांना टोकापासून वायव्येस ढकलीत नेत, आणि त्या वाटेवर नेमके हे बेट लागे. महिनोन्महिने समुद्रावर असलेल्या, हिरड्या सुजलेल्या खलाशांना गोडे पाणी, ताजी भाजी, लिंबू यांचे मोल काय असेल याची कल्पना करावी. म्हणजे हे बेट जाण्याच्या वाटेवरचे नव्हे. ते हिंदुस्थानातून घरी परतणाऱ्यांच्या वाटेवरचे होते. १५०२ साली त्याचा शोध लागला तोही हिंदुस्थानातून परतणाऱ्या जुआंव द नोव्हा या पोर्तुगीज कप्तानाला. त्या वेळी तेथे मनुष्यवस्ती मुळीच नव्हती.

तेथला पहिला रहिवासी गोव्याहून गेला, हे आपल्यातील पुष्कळांना ठाऊक नसेल. फर्नांव लोपिश हा पोर्तुगीज शिपाई गोव्यात आदिलशाही पक्षास जाऊन मिळाला होता. १५१२ साली बाणस्तारीच्या किल्ल्यास वेढा पडला. ‘यांचे प्राण घेणार नाही’ असे वचन मिळवून रसूलखानाने शरण आलेले फितूर आल्बुकेर्कच्या हवाली केले. आल्बुकेर्कने वचन अक्षरशः पाळले. प्राण घेतले नाहीत. उजवा हात, डाव्या हाताचा अंगठा, नाक आणि कान तेवढे कापून टाकले. पुढे काही वर्षांनी लोपिश मायदेशी निघाला. पाणी भरण्यासाठी जहाज सेंट हेलेनास थांबले असता तो रानात लपून बसला. असे तोंड घेऊन घरी कसे जावे, हाच विचार त्याच्या मनात असावा. सोबत्यांनी किनाऱ्यावर त्याच्यासाठी थोडे अन्न ठेवले व जहाज निघून गेले. पुढे येणारी जहाजे त्याला बियाणे, रोपे, कोंबड्या देत गेली आणि त्या थोट्या हातांनी त्याने बागा उठवल्या. मध्यंतरी तो एकदा पोर्तुगालला आणि पोपच्या दर्शनास रोमला जाऊन आला, परंतु राहिला नाही. बेटावर परतला आणि १५४५ साली तेथेच वारला. ज्या फळाभाज्यांसाठी पुढे शेकडो जहाजे तेथे नांगर टाकू लागली, त्यांची लागवड करणाऱ्यांत हा एकटा माणूस अग्रभागी होता. पोर्तुगीजांनी सोडलेल्या शेळ्यांनी मात्र बेटाचे मूळचे रान फस्त केले. तेथला एबनी वृक्ष तर नष्ट झाला असेच सर्वांनी धरले होते. १९८० साली एका कड्यावर त्याची दोन झुडपे सापडली.

१६५९ साली ईस्ट इंडिया कंपनीने बेट ताब्यात घेऊन वस्ती केली. १६७३ मध्ये डचांनी ते काही महिने बळकावले. इंग्रजांनी परत मिळवले आणि दुसऱ्या चार्ल्स राजाने कंपनीस नवी सनद दिली. त्या सनदेत बेटावरील रहिवासी व त्यांची संतती यांना इंग्लंडमध्ये जन्मलेल्यांचेच हक्क राहतील, असे वचन होते. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे त्याचे काम आहे. कंपनीने येथे गोरे वसाहतवाले आणले, मादागास्करहून व आपल्याकडूनही गुलाम आणले, १८१० नंतर चिनी मजूर आणले. या सर्वांच्या मिसळणीतून आजचा समाज झाला आहे. तो स्वतःस ‘सेंट’ म्हणवतो. असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्ली १८०५ साली हिंदुस्थान सोडून निघाला, तेव्हा तोही याच बेटावर थांबला होता. दहा वर्षांनी त्यानेच वॉटर्लूला हरवलेला सम्राट तेथे कैदी म्हणून येईल, हे तेव्हा कोणास ठाऊक होते?

१८३३ च्या ज्या कायद्याने बंगालचा गव्हर्नर-जनरल ‘हिंदुस्थानचा गव्हर्नर-जनरल’ झाला, त्याच कायद्याने हे बेट कंपनीकडून राजसत्तेकडे गेले. कंपनीची फौज व तिचा खर्च दोन्ही उठले. तरी जहाजे येत होती तोवर पोट चालत होते. १८५५ साली सुमारे अकराशे जहाजे तेथे लागली. मग १८६९ मध्ये सुएझचा कालवा वाहतुकीस खुला झाला, वाफेची जहाजे वाढली, आणि १८८९ साली हा आकडा तीनशेच्याही आत आला. सुएझमुळे मुंबई लंडनच्या जवळ आली, हे आपण वर्गात उत्साहाने शिकवतो. त्याच कालव्याने एक बेट जगापासून दूर नेले, हे सांगावयाचे राहून जाते.

त्यानंतरची शंभर वर्षे म्हणजे आधार शोधण्याची धडपड होय. बोअर युद्धातील हजारो कैदी १९०० पासून तेथे ठेवले गेले, तेवढ्यापुरता पैसा खेळला. १९०७ पासून न्यूझीलंडच्या घायपातासारख्या एका वनस्पतीचा वाख काढण्याचा धंदा उभा राहिला. डोंगरच्या डोंगर त्या पात्यांनी झाकले गेले. ब्रिटिश टपाल खात्यास सुतळी लागे, ही त्या धंद्याची मोठी भिस्त. १९६० च्या दशकाच्या मध्यास टपाल खात्याने कृत्रिम धाग्याची दोरी पसंत केली आणि बेटावरील गिरण्या बंद पडल्या. लंडनमधील एका कचेरीने दोरी बदलली, आणि चार हजार मैलांवर चुली विझल्या.

याहून जिव्हारी लागणारा घाव १९८१ च्या ब्रिटिश नागरिकत्व कायद्याने घातला. बेटवासी ब्रिटिश राहिले, पण ब्रिटनमध्ये राहण्याचा व काम करण्याचा त्यांचा हक्क गेला. ज्यांना दुसरा कोणताही मायदेश नाही, ज्यांचे पूर्वज ब्रिटनच्याच सोयीसाठी तेथे नेले गेले, त्यांना ‘तुम्ही आमचे, पण आमच्या घरी येऊ नका’ असे सांगण्यात आले. तेव्हा बेटवासीयांनी चार्ल्स राजाची सनद बाहेर काढली. बिशपांच्या पुढाकाराने आयोग नेमला गेला, तीनशे वर्षांपूर्वीचे वचन पुनःपुन्हा वाचून दाखवले गेले. २१ मे २००२ रोजी, बेटाच्या शोधास पाचशे वर्षे पुरी होत असता, पूर्ण नागरिकत्व परत मिळाले. लहानशा समाजाने कागद जपून ठेवावे ते यासाठी!

राज्यकारभाराची घडी अशी. २००९ च्या राज्यघटनेनुसार सेंट हेलेना, असेन्शन आणि त्रिस्तान दा कुन्हा मिळून एक ब्रिटिश सागरपार प्रदेश होतो. तीन बेटे परस्परांपासून हजारो किलोमीटर दूर असूनही गव्हर्नर एकच. तो लंडनहून नेमला जातो. संरक्षण व परराष्ट्र व्यवहार त्याच्याकडे. विधिमंडळात बारा निवडून आलेले सभासद असतात, आणि २०२१ पासून त्यांच्यातून मुख्यमंत्री निवडला जातो. चलन सेंट हेलेना पौंड, किमतीत ब्रिटिश पौंडाबरोबर. खर्चाचा मोठा भाग मात्र ब्रिटनच्या अनुदानातून येतो. निर्यात म्हणावी तर मासळी आणि थोडी कॉफी. हिचे बी कंपनीने १७३३ मध्ये येमेनमधून आणले होते. तिची प्रतिष्ठा मोठी, पीक लहान. बाकी बहुतेक वस्तू बाहेरूनच येतात.

येण्याचे साधन एकच टपालजहाज होते. केपटाऊनहून पाच दिवसांचा प्रवास. १९९९ मध्ये ते बिघडले तेव्हा बेटाचा जगाशी संबंधच तुटला. मग विमानतळाची मागणी जोर धरू लागली. २८ कोटी पौंडांहून अधिक खर्चून, एक आख्खी दरी भरून धावपट्टी झाली. मे २०१६ मध्ये उद्घाटन व्हावयाचे, तर चाचणीत आढळले की कड्यावर आदळून उसळणारा वारा विमानास उतरू देत नाही. ज्या आग्नेय वाऱ्याने जहाजे आणली, त्यानेच विमाने अडवली. लंडनच्या वृत्तपत्रांनी यथेच्छ टवाळी केली. अखेर लहान विमान योजून १४ ऑक्टोबर २०१७ रोजी जोहान्सबर्गहून पहिली नियमित प्रवासी फेरी आली, आणि पुढल्या फेब्रुवारीत टपालजहाजाने निरोप घेतला. माल मात्र अद्याप समुद्रमार्गेच येतो. २०२३ पासून सागरतळावरील तारेने वेगवान इंटरनेटही आले आहे.

नागरिकत्व मिळाल्याचा एक परिणाम कोणी फारसा बोलून दाखवीत नाही. हक्काचा पासपोर्ट हाती येताच तरुण मंडळी ब्रिटनला गेली. १९९८ साली पाच हजारांच्या घरात असलेली लोकसंख्या दहा वर्षांत चार हजारांवर आली. पुढे विमानतळाच्या कामाने काही परतले, तरी २०२१ च्या शिरगणतीत आकडा साडेचार हजारांस पोहोचला नाही, आणि त्यात वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. घरटी कोणी ना कोणी असेन्शनवर, फॉकलंडमध्ये किंवा इंग्लंडात नोकरीस असतो, आणि नातवंडे आजीआजोबांपाशी वाढतात. बेटावर माध्यमिक शाळा एकच, रुग्णालय एकच. त्यांतल्या जागा भरण्यासाठी शिक्षक आणि डॉक्टर परदेशातून आणावे लागतात, आणि त्यांचा पगार स्थानिक माणसाहून बराच जास्त असतो.