स्पर्धा कुठे चालते, कुठे अडते

स्पर्धेने भाव उतरायचे तर गिऱ्हाइकाला थांबता आले पाहिजे, चार ठिकाणी विचारता आले पाहिजे आणि नाही पटले तर उठून जाता आले पाहिजे. उपचारांच्या बाबतीत हे तिन्ही क्वचितच जुळते. अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवले की, आपल्याला काय हवे हे रुग्णाला सेवा देणाऱ्याकडूनच कळते.

मावळात याची सगळी रूपे दिसतात. तळेगाव दाभाड्यात वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, नर्सिंग होम आहेत, लोकलने चिंचवड-पुणेही गाठता येते. मोतीबिंदू, सोनोग्राफी, बाळंतपण यांसाठी ‘पॅकेज’ विचारत फिरायला वेळ असतो. तेथे स्पर्धेचा लगाम बसतो. नाणे मावळ वा अंदर मावळातल्या मजुराचा कामशेत-वडगावला येण्यातच दिवस मोडतो. द्रुतगती मार्गावर खंडाळ्याच्या घाटात जखमी झालेला तर दर विचारण्याच्या अवस्थेतच नसतो.

स्पर्धा असूनही भाव चढतात, हे अधिक अवघड दुखणे. स्टेंट बनवणाऱ्या कंपन्या कमी नव्हत्या. पण स्टेंट निवडतो डॉक्टर, विकत घेते रुग्णालय आणि पैसे मोजतो रुग्ण. त्यामुळे कंपन्यांची चढाओढ रुग्णालयाला जास्त मार्जिन सोडण्यात लागली आणि त्यासाठी छापील किंमत फुगली. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने औषधलेपित स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा घातली, तेव्हा लाखाच्या वर गेलेल्या किमती एका आदेशाने खाली आल्या. कट प्रॅक्टिसचेही गणित तेच: रुग्ण पाठवणाऱ्याचा वाटा शेवटी बिलातूनच निघतो. त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा राज्याने २०१७ मध्ये केला होता.

२०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनी दरपत्रक लावणे बंधनकारक केले. ते योग्यच, पण फलकावर खाटेचा आणि तपासणीचा दर असतो, बिल मात्र औषधे आणि किरकोळ साहित्यात वाढते. एकूण खर्चाचा अंदाज लेखी दिल्याशिवाय तुलना होत नाही आणि सचोटीने पॅकेज सांगणारा डॉक्टरच महाग दिसतो.

तातडीच्या उपचारांचे दर आधीच ठरवून ठेवावे लागतात. कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये राज्याने खासगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठी दिवसाला ४,००० ते ९,००० रुपये अशी मर्यादा घातली होती. पुढच्या वर्षी शहरांनुसार तीन गट पडले. त्या विभागणीत गाव पाहिले गेले, रुग्णालयाचा आकार नाही. लोणावळ्यातल्या दहा खाटांच्या नर्सिंग होमला जनरेटर, ऑक्सिजन आणि रात्रपाळीची परिचारिका यांचा खर्च मोजक्याच रुग्णांवर वाटावा लागतो. कायमचे दर ठरवताना हा हिशेब वेगळा मांडणे भाग आहे.