भरपाई एकदाच, पोटगी दरमहा

शहादा तालुक्यातील पुरुषोत्तमनगर हे साखर कारखान्याभोवती वसलेले गाव. सातपुडा-तापी परिसर सहकारी साखर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या वाहनांची रीघ लागते आणि ऊसवाहतुकीच्या कोणत्याही रस्त्याप्रमाणे येथेही अपघाताची धास्ती असते. अपघातात हात किंवा पाय गमावलेल्या माणसाला पुढे कधीतरी भरपाई मिळते, तीही एकरकमी. हाच माणूस पत्नीपासून विभक्त असेल आणि मुलाच्या पोटगीचा हुकूम त्याच्यावर झालेला असेल, तर मोठाच पेच उभा राहतो. भरपाई एकदाच येते. मूल मात्र रोज जेवते.

अशा वेळी दोन्ही बाजू टोकाला जातात. बाप म्हणतो, कमाई घटली, पोटगीही घटवा. आई म्हणते, लाखो रुपये हाती आले, पोटगी वाढवा. परिस्थिती बदलल्यास पोटगीत फेरफार करण्याची मुभा १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२७ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४६ मध्ये आहे. प्रश्न एवढाच, की एकरकमी भरपाई ही मिळकत मानावयाची की ठेवा?

याचे उत्तर भरपाईच्या हिशेबातच दडलेले आहे. समजा, ३३ वर्षांच्या माणसाची मासिक कमाई १०,००० रुपये होती आणि अपंगत्वामुळे ती २,५०० रुपयांनी घटली. सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली सरला वर्मा खटल्यात ठरविलेल्या कोष्टकानुसार या वयाला १६ चा गुणक लागतो. भावी पगारवाढीचा विचार बाजूला ठेवला, तर २,५०० गुणिले १२ गुणिले १६ म्हणजे ४,८०,००० रुपये होतात. ही रक्कम सहा टक्के व्याजाने ठेवली, तर महिना २,४०० रुपये येतात. जवळजवळ बुडालेल्या कमाईइतकेच. म्हणजे ही भरपाई आकाशातून पडलेले धन नव्हे. तो पुढील अनेक वर्षांचा पगार आगाऊ हाती आला आहे. तेव्हा ७,५०० रुपयेच मिळतात असे सांगून मुलाचा घास कमी करणे जितके गैर, तितकेच ४,८०,००० रुपये या वर्षीची मिळकत समजून पोटगी चढविणेही गैर.

तथापि सारीच भरपाई कमाईच्या जागी आलेली नसते. उपचार, भावी शुश्रूषा, वेदना, आयुष्यातील हरपलेला आनंद यांची वेगवेगळी गणना करण्याची शिस्त सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार खटल्यात घालून दिली. कृत्रिम पायासाठी मिळालेल्या पैशावर पोटगीचा हिशेब मांडणे अमानुष ठरेल. निवाड्यातील बाबी वाचल्याशिवाय केवळ एकूण आकड्याकडे बोट दाखवू नये, ते यासाठीच.

खरी भीती निराळीच आहे. एकरकमी पैसा टिकत नाही. सावकाराचे देणे, घराचे छप्पर, भावाबहिणीचे लग्न यांत तो वर्षभरात जिरतो आणि मग कमी कमाईचा बाप व उपाशी मूल एवढेच उरते. पालक मृत्यू पावला, तर अज्ञान वारसाचा वाटा तो सज्ञान होईपर्यंत मुदतठेवीत ठेवावा, असे मार्गदर्शन सर्वोच्च न्यायालयाने पूर्वीच केले आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्यात तर मुलांची आबाळ होत असल्यास वाटपाचा हुकूम बदलण्याचा अधिकार आयुक्ताला होता. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली असली, तरी त्यामागील विचार जुना होत नाही. परंतु जखमी बाप जिवंत असतो, तेव्हा दावेदार तोच. मुलाचे नाव त्या कागदावर कोठेच नसते.

ही उणीव भरणे अवघड नाही. भरपाईच्या अर्जात पोटगीच्या हुकुमाविषयी एक प्रश्न विचारावा. हुकूम असल्यास घटलेल्या कमाईपोटी मिळणाऱ्या रकमेतील यथायोग्य भाग दरमहा व्याज देणाऱ्या ठेवीत ठेवावा आणि त्यातून पोटगी परस्पर भागवावी. मूळ रक्कम बापाचीच राहील. रजनीश विरुद्ध नेहा या महाराष्ट्रातूनच गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उत्पन्न व मालमत्तेची शपथपत्रे दोन्ही पक्षांना बंधनकारक केली. भरपाईचा निवाडा त्या शपथपत्रासोबत जोडला जावा, एवढा आग्रह वकिलांनी धरला तरी पुष्कळ भांडणे पहिल्याच तारखेला आटोपतील.

अपघाताने बापाचा हात नेला, हे दुःखच. त्याच अपघाताने मुलाची शाळाही नेऊ नये, एवढी काळजी न्यायसंस्थेने घ्यावयास हवी.