बिनहाताच्या खुर्चीची बाजू

जुनी खुर्ची विकत घेणे ही हल्ली प्रतिष्ठेची गोष्ट झाली आहे, आणि घरातली जुनी खुर्ची विकून टाकणे ही शहाणपणाची. या दोन्ही गोष्टी एकाच घरात, एकाच दिवाळीच्या तोंडावर घडताना आपल्या इंदूरच्या मराठी वस्तीत मी पाहिल्या आहेत. वाडा पाडून इमारत उभी राहायची असते, म्हणून माळ्यावरच्या वेताच्या सहा खुर्च्या भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतात. आणि नव्या सदनिकेच्या दिवाणखान्यासाठी दुकानातून ‘अँटिक’ म्हणून दोन खुर्च्या येतात, ज्यांचे खरे वय त्यांच्यावरचे पॉलिश वाळायला लागलेल्या दिवसांइतकेच असते. याला अडाणीपणा म्हणावे तर हा व्यवहार करणारे पदवीधर आहेत. अडचण म्हणावी तर सहा खुर्च्यांच्या भंगाराने कुणाची अडचण भागत नाही.

माझे म्हणणे थोडक्यात असे. जुनी खुर्ची बसण्यासाठी घ्यावी, तिची पारख ती उलटी करून करावी, आणि शोधाला सुरुवात स्वतःच्या माळ्यापासून करावी. हा क्रम आपण नेमका उलटा केला आहे.

बोलतो आहे ते बिनहाताच्या खुर्चीबद्दल. जेवणाच्या मेजाभोवती किंवा भिंतीलगत ठेवण्याची, हलकी, एका हाताने उचलता येणारी. सरकारी कचेरीत साहेबाची खुर्ची हातांची आणि अभ्यागताची बिनहाताची, असा अलिखित नियम असे. नोकरीची बहुतेक वर्षे मी हातांच्या खुर्चीत काढली असल्याने त्या नियमाची गंमत मला ठाऊक आहे. घरात मात्र न्याय वेगळा. बिनहाताच्या खुर्चीवर मांडी घालता येते. पाटावर आणि तक्क्याशी वाढलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या आमच्या आज्या खुर्चीवर बसल्या त्या याच खुर्चीवर, एक पाय वर घेऊन, मांडीवर तांदूळ निवडायचे सूप ठेवून. हातांच्या खुर्चीत हे साधत नाही. तिला दुय्यम मानून आधी तिलाच निरोप देणारी मंडळी आपल्याच घराची बसण्याची रीत विसरली आहेत.

आता प्रतिष्ठेचे पाहू. आपल्या गावात माणिकबाग आहे. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे यांच्यासाठी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियस याने १९३० च्या सुमारास तो महाल उभारायला घेतला आणि त्यातले सामानही त्या काळच्या युरोपातल्या अगदी नव्या धाटणीचे होते. १९८० साली त्यातल्या वस्तूंचा लिलाव सदबीज या संस्थेने दूर मोनॅकोत केला. महालात पुढे केंद्रीय उत्पादन शुल्क खात्याचे कार्यालय आले. २०१९ साली पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात या महाराजांच्या संग्रहावर मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा इथल्या कित्येकांना कळले की आपल्या गावात असे काही होते. कळल्यावर झाले काय, तर ‘त्या खुर्च्यांना केवढी किंमत आली असेल’ एवढीच चर्चा. त्या कशा होत्या, त्यांवर बसता येत असे की नाही, हे कुणी विचारले नाही.

चंडीगडचे उदाहरण तर आम्हा सरकारी माणसांना अधिक लागणारे. नव्या राजधानीच्या कचेऱ्यांसाठी पिएर जानरे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सागवान आणि वेत यांच्या साध्या, मजबूत खुर्च्या योजल्या. स्थानिक सुतारांनी त्या घडवल्या. काही दशकांनी त्या निकामी ठरवून ढिगाने लिलावात काढल्या गेल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि आपल्याकडच्या कारकुनाची खुर्ची पाश्चात्त्य लिलावगृहांत भारी किमतीला विकली. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याचे संरक्षण अशा वस्तूला मिळायचे तर तिला शंभर वर्षे पुरी व्हावी लागतात. या खुर्च्यांना ती झालेली नव्हती. शेवटी २०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीबाबत आदेश काढावा लागला. निर्लेखनाच्या याद्यांवर मीही सह्या केल्या आहेत. त्या यादीत ‘खुर्ची, लाकडी, जुनी’ यापलीकडे रकाना नसतो. लाकूड कोणते, मोडले काय आणि दुरुस्तीला खर्च किती, हे विचारण्याची सोयच नसते. घरच्या माळ्याचा निकाल लावताना आपण त्याच यादीची नक्कल करतो.

यावर कुणी म्हणेल, मग या खुर्च्या गुंतवणूक म्हणून जपाव्यात. हा तर अधिकच वाईट मार्ग. दिवाणखान्यात अशी एक खुर्ची ठेवायची आणि पाहुणा तिच्याकडे वळला की ‘तिच्यावर नको, इकडे बसा’ म्हणायचे! खुर्चीचा याहून मोठा अपमान मला ठाऊक नाही. मिखाएल थोनेट याने १८५९ मध्ये वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची आपली चौदा नंबरची खुर्ची बाजारात आणली ती उपाहारगृहांत रोज शेकडो माणसांनी वापरावी म्हणून. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सुट्या भागांच्या छत्तीस खुर्च्या एका घनमीटरच्या खोक्यात मावत. मुंबई-पुण्याच्या इराण्याकडे आपण ज्या वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्यांवर बसून चहा प्यायलो त्या याच वंशातल्या. ती कधीच राजेशाही नव्हती. आज तिला दोरी बांधून ‘अँटिक’ म्हणून मिरवणे हे अज्ञान आहे.

ज्यांच्या माळ्यावर खरोखरच काही उरलेले नाही त्यांनी बाजारातून जरूर घ्यावी, पण दुकानदाराच्या गोष्टी ऐकत बसू नये. एका दुकानात मला ‘दीडशे वर्षांची, संस्थानी’ म्हणून खुर्ची दाखवली गेली. उलटी केली तर बैठकीखाली अधिकच्या खुणेचे स्क्रू. असे स्क्रू १९३० नंतरच्या दशकात प्रचारात आले. दुरुस्तीत एखादा नवा स्क्रू येऊ शकतो हे खरे, पण सगळेच तसे असतील आणि भोवतीचे लाकूड कुठेही दुखावलेले नसेल, तर ती दुरुस्ती नसून जन्मखूण आहे. बैठकीच्या चौकटीला काठाने बारीक भोके असतील तर वेत हाताने विणलेला आहे. भोकांऐवजी सलग खाच असेल आणि तीत पट्टी ठोकलेली असेल तर आयते विणलेले कापड बसवले आहे. दोन्ही चालतात, पण किंमत एक नव्हे. पायांतली पुढची आडवी पट्टी वरून झिजलेली हवी, कारण माणसे तिच्यावर पाय टेकतात. जिथे पाय पोचूच शकत नाही तिथली झीज कानशीने केलेली असते. कातलेला गोल पाय शंभर वर्षांत आडवा आकसून किंचित अंडाकृती होतो, हे बोटांनाही कळते. सहांचा जोड सांगितला तर सहाही उलट्या कराव्या. चार खऱ्या खुर्च्या सोडवून त्यांच्या भागांच्या सहा करणे ही या धंद्यातली जुनी कला आहे.

आणि मग बसून पाहावे. बैठक जमिनीपासून सतरा-अठरा इंचांवर हवी. कुजलेले पाय कापून बुटकी केलेली खुर्ची मेजाशी निरुपयोगी. पाठीला धरून हलकेच मागे रेलावे. मागचा पाय जिथे बैठकीच्या चौकटीला मिळतो तिथे करकर झाली तर सांधा सुटला आहे. सांधा सुटलेला चालेल, सुतार बसवून देतो. त्याच जागी लाकूडच चिरले असेल तर खुर्ची दुकानातच सोडावी. जमिनीवर ताजा पिवळा भुसा पडत असेल तरीही सोडावी. बीच लाकूड तर आपल्याकडच्या वाळवीला फार लवकर बळी पडते. साग आणि शिसवी टिकतात.

‘सदनिकेत जागा कुठे आहे?’ हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. तुमच्या सोफ्याने एक भिंत खाल्ली आहे, तिच्याबद्दल कुणी विचारत नाही! बिनहाताच्या खुर्चीला दीड फुटाची चौरस जागा पुरते. ‘ढेकूण होतात’, हा दुसरा आक्षेप. होतात, उन्हाळ्यात इंदूरचे ऊन फुकट आहे. ‘वेत सैल पडतो’, हा तिसरा. खालच्या बाजूने ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळू द्यावा, पुष्कळदा पुन्हा ताणून बसतो. तुटलाच तर विणून घ्यावा. वेत विणणारे कारागीर आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत आणि त्यांतले काही दृष्टिहीन आहेत. एक बैठक विणायला त्यांना दिवस-दोन दिवस लागतात, आणि त्यांच्या मजुरीत पन्नास रुपयांची घासाघीस करणारी मंडळीच दुकानात ‘अँटिक’चा छापील आकडा मुकाट्याने मोजतात. ज्या दिवशी हे विणकर काम सोडतील त्या दिवशी माळ्यावरच्या उरल्यासुरल्या खुर्च्याही खरोखरच भंगार होतील. कारण फाटक्या बैठकीची खुर्ची कितीही अस्सल असली तरी तिच्यावर कुणाला बसवता येत नाही.

तेव्हा या दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावर स्वतः चढा, नोकराला पाठवू नका. खुर्ची खाली उतरवा, उलटी करा, काठाची भोके मोजा. विणकराचा पत्ता मजजवळ आहे.