तुटलेला टॅप काढायलाही डोकं लागतं

पालकहो, 'आयटीआयला काय डोकं लागतं?' असं म्हणण्याआधी एखाद्या फिटरला भोकात तुटलेला टॅप काढताना बघाच. टॅप कडक पोलादाचा, साध्या ड्रिलला दाद देत नाही. हातोडीने ठोकाठोक केली तर आटे जातात, कधी अख्खा जॉब भंगारात. म्हणून तो आधी कीस साफ करतो, तेल सोडतो. टॅपला ४ खाचा असतील तर ४ बोटांचाच एक्स्ट्रॅक्टर घेतो. बोटं खाचांत सरकवून कॉलर जॉबला टेकेपर्यंत खाली आणतो, नाहीतर बोटंच पिळवटतात! मग हळूहळू पुढे-मागे.

शिक्षक मित्रांनो, कार्यानुभवाच्या तासाला अनेकदा गणितच घेतलं जातं. हे काम गणितापेक्षा कमी विचाराचं आहे का? मुलाला फिटर व्हायचं असेल, तर 'मार्क कमी पडले म्हणून' हे त्याच्यासमोर तरी बोलू नका.