नवाबाचं जंगल आणि एसटी

माझी भाची मागच्या महिन्यात म्हणाली, "मामू, मी आणि दोघी मैत्रिणी पाठीवर पिशव्या टाकून चार दिवस एसटीनं फिरणार आहोत. ताम्हिणी, कर्नाळा, फणसाड." घरात गहजब झाला. आपा म्हणाली, "जायचं तर गाडी करून जा, सोबत भाऊ असू दे." मेहुण्यांचा प्रश्न वेगळाच, "जंगलात आहे काय बघायला?" त्यांची वीस वर्षं आखातात गेली. दुबईचे रस्ते त्यांना तोंडपाठ. पण माणगावहून निजामपूर, विळे ओलांडून घाट चढला की ताम्हिणीचं अभयारण्य आहे, 2013 साली ते जाहीर झालं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

फणसाडची गोष्ट तर आपल्या इतिहासातलीच. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेलं हे जंगल एके काळी जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांचं शिकारीचं रान होतं. 1986 मध्ये ते अभयारण्य झालं. तिथं शेकरू आहे, गिधाडं आहेत. एका माणसाच्या हौसेसाठी राखलेलं रान सर्वांचं झालं, हे चांगलंच झालं. पण खरंच सर्वांचं झालं का? आज जंगल बघणं म्हणजे स्वतःची गाडी, रिसॉर्ट, शनिवार-रविवार असं समीकरण बसलं आहे. नवाब गेले, त्यांच्या जागी गाडीवाले आले.

एसटी हे समीकरण मोडू शकते. 'आवडेल तेथे प्रवास' ही चार आणि सात दिवसांच्या पासची योजना 1988 पासून आहे. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे. कर्नाळा तर मुंबई-गोवा महामार्गालाच लागून आहे. आणि सुरक्षिततेचंच म्हणाल तर भाड्याच्या गाडीत मुली एका अनोळखी ड्रायव्हरच्या भरवशावर असतात. एसटीत कंडक्टर असतो, बाजाराला निघालेल्या मावश्या असतात. त्या दहा प्रश्न विचारतील, पण मुलींना एकटं पडू देणार नाहीत.

कुणी म्हणेल, सगळेच जाऊ लागले तर जंगलाचं काय? पावसाळ्यात ताम्हिणीत रविवारी गाड्यांची रांग लागते, ती बघा. चाळीस माणसं एका बसमधून गेली तर तेवढाच धूर आणि गोंगाट कमी. मागणी साधी आहे : अभयारण्याच्या दारापर्यंत सकाळी नेणारी आणि दिवस मावळायच्या आत परत आणणारी गाडी. ग्रामसभेत, डेपोत आपण हे मागितलं पाहिजे. ती गाडी तिथल्या आदिवासी पाड्यांतल्या शाळकरी पोरांनाही उपयोगी पडेल.

पृथ्वीवर फिरा, निर्मिती कशी झाली ते पाहा, असं कुरआन सांगतो. हे सांगणं फक्त पुरुषांना आहे असं मला कुठं दिसलं नाही. सलीम अली 1930 मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या किहीमला सुगरणीची घरटी न्याहाळत बसले होते. बघण्यासारखं काय आहे, हे त्यांना अंगणातच सापडलं. आपल्या मुलींना निदान घाटापर्यंत तरी जाऊ द्या.

आपा अजून पुरती राजी नाही. पण काल तिनं विचारलं, "स्टँडवरून पहिली गाडी कितीला सुटते?"