पुराची रेघ प्रत्येक भिंतीवर हवी

पलूस तालुक्यातील भिलवडी, अंकलखोप, औदुंबर, आमणापूर, बुर्ली, धनगाव, सुखवाडी, ब्रह्मनाळ आदी कृष्णाकाठच्या समस्त रहिवाशांस —

सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी 40 फुटांवर गेले की इशारा आणि 45 फुटांवर गेले की धोका, हा सरकारी दंडक आपल्याकडील शाळकरी मुलांनाही मुखोद्गत आहे. परंतु कृष्णामाई आधी भिलवडीवरून वाहते आणि मग सांगलीस पोहोचते, तेव्हा वरच्या गावांनी आपला जीव खालच्या शहराच्या मोजपट्टीवर का टांगून ठेवावा, हे 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर सोसल्यावर तरी आपण विचारणार की नाही?

8 ऑगस्ट 2019 रोजी, कृष्णा-येरळेच्या संगमावरील ब्रह्मनाळ येथे, क्षमतेहून अधिक माणसे घेऊन निघालेली नाव उलटली व 17 जीव गेले. घरी थांबलेल्या पूरग्रस्तांस गाफील म्हणणारे तेव्हा पुष्कळ निघाले. आम्हांस हा आरोप घोर अन्यायाचा वाटतो. 2005 साली पाणी जिथवर चढले त्यापलीकडे ते चढणार नाही, अशा अनुभवाच्या हिशेबाने काठावरची कितीतरी कुटुंबे जनावरे आणि धान्य राखीत बसली होती; पाणी आयर्विनपाशी 57 फुटांवर गेले आणि तो हिशेब बुडाला. दुसरा हिशेब त्यांस दिला होता कोणी?

पाटबंधारे खाते भिलवडीच्या पुलाचीही पातळी नोंदविते. तिच्याशी मेळ घालून, भिलवडीस किती फूट झाले म्हणजे या उंबऱ्यास पाणी लागते, तो आकडा ग्रामपंचायतीने दर घराच्या दर्शनी भिंतीवर तैलरंगाने लिहावा आणि तिन्ही महापुरांच्या रेघा त्याच भिंतीवर ओढाव्यात, ही आमची मागणी आहे. मग विजेचा मीटर कोणत्या उंचीवर बसवावा, माळ्यावर धान्य ठेवणे पुरेल की ते गावठाणातल्या उंच जागी हलवावे, सातबारा, शिधापत्रिका आणि पासबुके केव्हा बांधून घ्यावीत, हे घरची कर्ती बाई स्वतः ठरवील. जनावरे मात्र सर्वांआधी, रस्ता कोरडा असतानाच हलविली पाहिजेत. ती मागे राहिली की धनीही मागे राहतो, आणि मग नावेवर गर्दी होते.

कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्याने आपल्याकडचा पूर वाढतो की नाही, हा वाद तज्ज्ञांनी व न्यायासनांनी अवश्य निकाली काढावा. त्या निकालाची वाट पाहत भिंती कोऱ्या ठेवण्याचे प्रयोजन नाही. 1 मे च्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा, नावेची दुरुस्ती व जीवरक्षक जाकिटे यांचा खर्च त्याच ठरावात मंजूर करून घ्यावा, आणि ज्यांचा विरोध असेल त्यांची नावे कारणांसह इतिवृत्तात नोंदवावीत.