रंगमंच शहरात, कलावंत वडीगोद्रीत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे, युवक महोत्सव भरतो. छत्रपती संभाजीनगरात संत एकनाथ रंगमंदिर आहे, तापडिया नाट्यमंदिर आहे. शहराला मराठवाड्याची सांस्कृतिक राजधानी म्हणतात. पण ही राजधानी कोणाची, हा आमचा सवाल आहे.

जालना जिल्ह्यातील वडीगोद्री सोलापूर-धुळे महामार्गावर आहे. रस्ता सरळ शहराकडे जातो. संधी मात्र गावाकडे येत नाही. प्रयोग रात्री संपतो. वसतिगृहात जागा न मिळालेल्या शेतमजुराच्या मुलीने तेव्हा जायचे कुठे?

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९५० साली औरंगाबादेत सुरू केलेल्या महाविद्यालयाला, पुढच्या ‘मिलिंद’ला, वसतिगृहाची जोड दिली. तेथेच प्राचार्य म. भि. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक जन्मले. तेथेच ‘अस्मितादर्श’कार गंगाधर पानतावणे यांनी अध्यापन केले. राहायला खोली मिळाली, की लेखणी चालते.

१९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर खेड्यापाड्यांतील आमच्या वस्त्या जळाल्या. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला नाव मिळाले. ज्या वस्त्यांनी नावासाठी किंमत मोजली, त्यांच्या मुलांना आतल्या रंगमंचावर हक्काची जागा हवी.

महोत्सवाच्या कार्यशाळा तालुक्याच्या गावी घ्या. आंबेडकरी जलसा शिकवायला वस्तीतला शाहीर मानधन देऊन बोलवा. आणि जयंती मंडळांनो, डीजेचा खर्च आवरा. तो पैसा एखाद्या विद्यार्थिनीच्या खोलीभाड्याला द्या. जलशाने चळवळ उभी केली, डीजेने नव्हे.